सूर्य मावळायच्या आत: सोनेगाव ते बा अटॉल

दिवस पहिला, बुधवार

सकाळी साडेसातला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर, मालदीवच्या यॉटसहलीला निघालेल्या आमच्या गिऱ्हाइकांच्या अकरा बॅगा आल्या. ठरल्या होत्या सात. त्यातल्या चार टणक कवचाच्या, चाकांच्या, लग्नात मुलीसोबत पाठवतात तशा भल्याथोरल्या. महिनाभर मी वहिनींच्या मागे लागले होते की मऊ बॅगा आणा, रिकाम्या झाल्या की घडी घालता येईल अशा. यॉटवरच्या खोलीत पलंगाखाली एक खण असतो, तेवढाच. वर पाण्यावर उतरणाऱ्या सी-प्लेनचा नियमही सांगून ठेवला होता: माणशी वीस किलोची बॅग आणि पाच किलोची हातपिशवी. वहिनींनी सगळं ऐकलं होतं. "पण पॅकिंग आत्यानं केलं नं," त्या म्हणाल्या.

मी धरमपेठेतल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात काम करते. आमचा धंदा मुळात चारधाम, अष्टविनायक आणि दुबईचा. गेल्या काही वर्षांत नागपुरातली काही घरं वेगळं मागू लागली: स्वतःचं विमान भाड्यानं, स्वतःची बोट भाड्यानं, मध्ये कुठे रांग नको. विमानवाले विमानाचं बघतात, बोटवाले बोटीचं. विमानाच्या शिडीपासून बोटीच्या शिडीपर्यंतचा तुकडा मात्र कुणाचाच नसतो. तो माझा. या सहलीसाठी ऑफिसनं मला सोबतच पाठवलं.

घर एका ठेकेदार भाऊंचं. आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मालदीवमध्ये, बा अटॉल या प्रवाळबेटांच्या कंकणात, पाच रात्री यॉट. आजोबा, आजी, भाऊ, वहिनी, आत्या, कॉलेजातली मुलगी, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेला मुलगा आणि आठवी मी. भाऊंच्या मनात आधी फ्रान्सचा किनारा होता. नीस नागपूरपासून सात हजार किलोमीटरच्या घरात. आठ आसनांचं हॉकर ८०० एक्सपी तिथं एका दमात पोचत नाही, मध्ये इंधनाला उतरावं लागतं. त्यात सात जणांचे शेंगेन व्हिसा आणि आजोबांचे गुडघे. मालदीवची राजधानी माले दोन हजार किलोमीटरच्या आतच, पावणेतीन तास, आणि व्हिसा तिथं उतरल्यावर मिळतो. फक्त निघण्याआधीच्या ९६ तासांत प्रत्येकाची ऑनलाइन नोंद करावी लागते. ती मी सातही जणांची केली होती. स्वतःची विसरले होते. ती विमानतळावर मोबाइलवरून केली, कुणाला न सांगता.

विमान सव्वाआठला मुंबईहून रिकामं येणार होतं. या रिकाम्या फेरीचे तासही गिऱ्हाइकाच्याच बिलात लागतात, हे भाऊंना पटवायला मला दोन चहा लागले होते. साडेनऊला निघायचं, मालेच्या पावणेबाराला उतरायचं, एक वाजता सी-प्लेन, दोनच्या आत यॉटवर. आमच्यापेक्षा माले अर्धा तास मागे, म्हणजे तेवढी कमाईच.

आठ वाजता ऑपरेटरचा फोन आला. विमान अजून मुंबईतच. मुंबईत दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते, आणि गर्दीच्या तासांत खासगी विमानांना तिथून उडता येत नाही. हे या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. सकाळी लवकरचा स्लॉट यांनी मागितलाच नव्हता, किंवा मागून हातचा घालवला. कोणतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. "मॅडम, बारापर्यंत पक्कं," तो म्हणाला. हे आदल्या रात्री सांगितलं असतं तर मी सी-प्लेन दुसऱ्या दिवसावर टाकून या मंडळींना घरी झोपू दिलं असतं.

इमिग्रेशन आणि कस्टमचे अधिकारी आम्ही विनंती करून बोलावलेले. नागपूरची शारजा-दोहाची विमानं रात्री-पहाटेची, त्यामुळे दिवसाढवळ्या परदेशी चार्टर सोडायचं तर आधी कळवावं लागतं. ते बिचारे बसून राहिले. भाऊंनी त्यांच्यासाठीही तर्री पोहे मागवले. आजी टेकडी गणपतीला जाऊन आल्या होत्या, प्रसादाचा नारळ त्यांच्या मांडीवर. आजींना मी आधीच सांगितलं होतं की पूजेच्या मूर्ती मालदीवमध्ये नेता येत नाहीत, बाळकृष्ण घरीच ठेवा. त्या काही बोलल्या नव्हत्या. आता पर्समधून सुपारीची डबी काढून म्हणाल्या, "ही चालते नं? खायची आहे."

आजोबा एअर फोर्समधून वॉरंट ऑफिसर होऊन निवृत्त झालेले. विमानाला ते जहाजच म्हणतात. खिडकीतून धावपट्टीकडे बघत मुलाला सांगत होते की ते लहान असताना याच सोनेगावला रोज मध्यरात्री चार जहाजं भेटायची: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास. १९४९ साली सुरू झालेली रात्रीची टपालसेवा. चारही बाजूंच्या डाकेच्या थैल्या इथं अदलाबदल करायच्या आणि पहाटेच्या आत आपापल्या गावी परत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ते चाललं. "नागपूर मधोमध, म्हणून," आजोबा म्हणाले. मुलानं मोबाइलवरून डोकं वर काढलं, हीच मोठी गोष्ट.

विमान एक वाजून पाच मिनिटांनी उतरलं. पारा ४२ वर. डांबरावरून वाफ उठावी तशी हवा हलत होती. हॉकरच्या सामानाचा कप्पा पुढे दाराजवळ असतो. त्यात सात मऊ बॅगा बसल्या, आठवी माझी पायाखाली, आणि टणक चार बाहेर. एक तरी घ्या म्हणून आत्या सहवैमानिकाशी भांडल्या. त्यानं कप्प्याचं दार उघडून दाखवलं आणि गप्प उभा राहिला. चारही बॅगा हँडलिंगच्या पोरांच्या खोलीत गेल्या. भाऊंनी विचारलं, एवढ्या उन्हात जहाज उचलेल नं? तापलेली हवा पातळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो. ही भीती अगदीच खुळी नाही. पण कॅप्टन म्हणाला, इथली धावपट्टी ३२०० मीटरची आहे, याच्या अर्ध्यातही काम होईल.

दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही उडालो. विमानतळालगतच्या मिहान उद्योगक्षेत्रावरून वळताना एअर इंडियासाठी बांधलेल्या विमान दुरुस्ती केंद्राची मोठी छपरं दिसली. तिथंच पलीकडे दासो-रिलायन्सचा कारखाना आहे, फाल्कन २००० या खासगी जेटचे पुढचे भाग जिथं बनतात. आता पूर्ण फाल्कन २००० एलएक्सएस नागपुरातच जुळवायचं ठरलंय, पहिलं विमान २०२८ पर्यंत. भाऊंना हे सांगितल्यावर त्यांनी खिडकीला नाक लावलं. "म्हणजे इथूनच घ्यायचं, अन् इथूनच उडायचं!"

हैदराबाद केव्हा गेलं कळलं नाही, सगळे झोपले होते. समुद्रावर आल्यावर वहिनी दचकून उठल्या. "अगं, बर्फी!" यॉटच्या कॅप्टनला द्यायला आणलेली दोन किलो संत्रा बर्फी निळ्या बॅगेत होती. निळी बॅग सोनेगावला.

मिनिकॉय डावीकडे राहिलं की उजवीकडे यावर आजोबा आणि सहवैमानिकाचं एकमत झालं नाही. मिनिकॉय आपलं, लक्षद्वीपचं शेवटचं टोक, पण तिथली भाषा मालदीवच्या धिवेहीची सख्खी बहीण. मध्ये फक्त 'आठ अंश' नावाची सामुद्रधुनी.

मालेला उतरलो तेव्हा घड्याळात चार वीस. इमिग्रेशन पटकन झालं. कस्टमनं भाऊंची बाटली ठेवून घेतली आणि पावती दिली, जाताना परत. सव्वापाचला मी सी-प्लेनच्या काउंटरवर होते. तिथल्या मुलीनं घड्याळाकडे बोट दाखवलं. सूर्यास्त सहा-सव्वासहाला. बा अटॉल अर्ध्या-पाऊण तासावर, आणि विमानाला उजेडात परतही यायचं असतं. पाण्यावर दिवे लावलेली धावपट्टी नसते. प्रवाळाचा खडक, मासेमारीची होडी, तरंगतं लाकूड, सगळं वैमानिकाला डोळ्यानंच दिसावं लागतं. भाऊ पुढे झाले. "दुप्पट देतो म्हणावं." मुलगी हसली, आणि मला शरमल्यासारखं झालं.

आजोबा खुर्चीत बसून होते. "पोरी," ते म्हणाले, "आमच्या लहानपणी डाकेचं जहाज रात्रीच यायचं. अन् तुह्यं हे रात्री उडतच नाही?"

शेवटी विमानतळाच्याच बेटाला जोडलेल्या हुलहुमालेत साध्या हॉटेलात पाच खोल्या घेतल्या. यॉटचा करार दुपारी बारापासून सुरू झालेला. बोट तिकडे उभी, स्वयंपाकी स्वयंपाक करून बसलेला, आणि त्या रात्रीचं भाडं चालू. करारात विमानाच्या उशिराची भरपाई नसते. आत्यांच्या डब्यातले धपाटे आणि शेव आम्ही हॉटेलच्या पलंगावर वर्तमानपत्र पसरून खाल्ले. खरं सांगायचं तर सगळ्या सहलीतलं तेच जेवण सगळ्यांनी एकत्र बसून खाल्लेलं.

जेवल्यावर आजोबांना बाहेर जायचं होतं. मी सोबत गेले. समोर पुलाचे दिवे. माले, विमानतळ आणि हुलहुमाले जोडणारा हा पूल २०१८ चा. आजोबा पुलाकडे बघत नव्हते, विमानतळाच्या अंधाराकडे बघत होते. नोव्हेंबर १९८८ मध्ये ते आग्र्याला पोस्टिंगवर होते. तीन तारखेला आयएल-७६ जहाजांत पॅराशूट रेजिमेंटच्या तुकड्या चढताना त्यांनी पाहिल्या. कुठे चालले ते खालच्या माणसाला सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी कळलं, मालदीवमध्ये बंड झालं होतं, आणि ती जहाजं दोन हजार किलोमीटरहून जास्त उडून रात्रीच्या अंधारात हुलहुलेवर, म्हणजे या विमानतळाच्या बेटावर, उतरली होती. "हुलहुले कुठं आहे ते मी मेसमधल्या नकाशात शोधलं होतं. सापडलं नाही. एवढंसं." त्यांनी अंधारातल्या विमानतळाकडे बोट दाखवलं. "हेच ते."

दिवस दुसरा, गुरुवार

सहा वाजता सी-प्लेनच्या टर्मिनलवर. ट्विन ऑटर, दोन पंख्यांचं, चाकांच्या जागी दोन लांबट तरांडे. या देशात अशा विमानांचा जगातला सगळ्यात मोठा ताफा आहे, आणि धक्क्यावर ती आपल्या मोरभवन स्थानकात एसट्या लागाव्यात तशी ओळीनं लागलेली. कॅप्टन पांढऱ्या शर्टात, खांद्यावर पट्ट्या, आणि अनवाणी. आजी माझ्या कानात म्हणाल्या, "देवळात आल्यासारखा." आत गारवा यंत्र नाही, कानात घालायला मऊ बोळे देतात, कारण पंख्यांचा आवाज डोक्यात घुमतो. पण दहाव्या मिनिटाला खाली पहिली कंकणं दिसली, निळ्यात फिकट निळं, त्यात पांढरं. अटॉल हा शब्दच धिवेहीतून जगभर गेला.

या धंद्यात यॉटवरचे लोक समुद्राला घाबरतात तो खवळला की. सी-प्लेनवाले घाबरतात तो फारच शांत असला की. बा अटॉलच्या वर आलो तेव्हा एप्रिलचं पाणी काचेसारखं होतं. लाट नाही, सुरकुती नाही. सहवैमानिक, मालेचाच पोरगा, त्यानं नंतर मला समजावलं: पाण्यात आभाळ दिसतं, मग पाणी पन्नास फुटांवर आहे की पाच, डोळ्याला कळत नाही. म्हणून आम्ही यॉटच्या दोन घिरट्या घातल्या. मला वाटलं पाहुण्यांना फोटो काढू देतायत. तो खरं तर शोधत होता कडेच्या खडकाजवळची एखादी पट्टी, जिथं पाण्यावर जरा खरखर असेल. सापडली, यॉटपासून अर्धा किलोमीटर. विमान फार हळू, ठरावीक वेगानं खाली येत राहिलं, येतच राहिलं, आणि मग तळाखाली खर्रर्र असा आवाज झाला, पत्र्यावर वाळू ओतावी तसा.

पाण्यावर विमानाला ब्रेक नसतो. एक पंखा जोरात, एक हळू, असं करत ते वळतं, आणि थांबायचं तर पंख्यांच्या पात्यांचा कोन उलटा करून. यॉटच्या लोकांनी एक लाकडी तराफा नांगरून ठेवला होता, आपल्या अंगणाएवढा. कॅप्टननं विमान त्याच्याकडे सोडलं, शेवटच्या काही मीटरवर इंजिनं बंद केली, आणि एकदम इतकी शांतता झाली की तराफ्याखाली पाणी चपकचपक वाजताना ऐकू आलं. मालेचा पोरगा दार उघडून अनवाणी पायानं तरांड्यावर उतरला, हातात दोर. एक पाय तरांड्यावर, एक हवेत. त्यानं तराफ्यावरच्या खुंटीला फास टाकला, ओढला, विमानाचं बूड हळूच येऊन टेकलं. सगळं मिळून अर्धा मिनिट. विमान, बोट, करार, लाखांची बिलं, हे सगळं त्या अर्ध्या मिनिटात एका पोराच्या पायाच्या बोटांवर उभं असतं.

आजोबांना उतरवणं अवघड होतं. विमानाच्या पायरीवरून तरांडा, तिथून तराफा, आणि तिन्ही वेगवेगळे हलणारे. त्यांनी कुणाचा हात धरला नाही. आधी पोराच्या पायाकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपला काढून काखेत धरल्या आणि अनवाणीच उतरले. पोरानं सलाम केला. आजोबांनीही केला, अगदी खरा, एअर फोर्सचा.

यॉटचा कॅप्टन श्रीलंकेचा. त्यानं इंग्रजीत ओरडून सांगितलं की टेंडर येतंय. भाऊंचे कान टवकारले. "कोणतं टेंडर?" यॉटच्या लहान मोटारबोटीला टेंडर म्हणतात, हे त्यांना सांगेपर्यंत ती येऊन टेकली होती. पुढचे चार दिवस भाऊ दर वेळी विचारायचे, "टेंडर उघडलं का?"

तेहतीस मीटरची यॉट, पाच खोल्या. चढताना पायरीशी वेताची टोपली, सगळ्यांच्या चपला त्यात. डेकचं सागवान जपायचं म्हणून सगळीकडे अनवाणी. वहिनींनी यासाठी खास घेतलेल्या हिऱ्याच्या टिकल्यांच्या सँडल पाच दिवस त्याच टोपलीत राहिल्या.

मी चढले, सामान मोजलं, खर्चाचं पाकीट कॅप्टनच्या ताब्यात दिलं. यॉटच्या भाड्याव्यतिरिक्त साधारण तीस टक्के रक्कम आगाऊ द्यावी लागते, एपीए म्हणतात. डिझेल, किराणा, बंदराची फी त्यातून, आणि उरेल ते परत. भाऊंना ही पद्धत फार आवडली. साइटवर मजुरांचा हिशेब असाच असतो म्हणाले. मी दुपारी टेंडरनं धारवंधू बेटावर गेले. माझी सोय तिथल्या गेस्टहाउसमध्ये. यॉटवर पाहुण्यांच्या खोल्या भरलेल्या, आणि खलाशांच्या खोलीत बाईमाणसाला ठेवणं त्यांनाही अवघड.

दिवस तिसरा, शुक्रवार

धारवंधू म्हणजे एक वाडी. वाळूच्या गल्ल्या, प्रवाळाच्या दगडाची जुनी कुंपणं, शाळा, मशीद आणि चक्क विमानतळ. शुक्रवारी दुपारी सगळं बंद, रस्त्यावर मांजरंसुद्धा नाहीत. गेस्टहाउसच्या काकूंनी नाश्त्याला मस हुनी दिलं: टूना, खोवलेलं नारळ, बारीक कांदा, मिरची, लिंबू, सगळं हातानं कुस्करून. सोबत रोशी. रोशी म्हणजे आपली पोळीच, जरा जाड. मी सावजी खाऊन वाढलेली बाई, मिरची अजून घाला म्हटल्यावर काकू खूश झाल्या. यॉटवर त्या वेळी आत्या स्वयंपाक्याला वरणफळं शिकवत होत्या, असा मेसेज आला.

या विमानतळाचं मला फार महत्त्व. बुधवारसाठी आम्ही आधीच विचार केला असता तर मालेहून इथपर्यंत साधं प्रवासी विमान घेता आलं असतं. ते चाकांवर उतरतं, रात्रीही येतं, आणि इथून टेंडर वीस मिनिटांत यॉटवर. त्या संध्याकाळच्या विमानात मला आठपैकी तीनच जागा मिळत होत्या, म्हणून सोडून दिलं. पण पुढच्या वेळी असा दुसरा रस्ता आधीपासून राखून ठेवायचा, हे मी वहीत लिहून घेतलं. लाल पेननं.

संध्याकाळी भाऊंचा फोन. मांटा कुठे आहेत? जवळच्या हनीफारू खाडीत मांटा मासे शेकड्यानं जमतात, पण ते पावसाळी वाऱ्यात, मे ते नोव्हेंबरच्या सुमारास. हे कोटेशनच्या दुसऱ्या पानावर होतं. २०११ पासून बा अटॉल युनेस्कोच्या जैवावरण राखीव क्षेत्रांत आहे. त्या खाडीत पाठीला हवेचं नळकांडं लावून उतरायलाही बंदी, फक्त वरून तरंगत बघायचं. "मग आता आहे काय?" कासवं आहेत, मी म्हटलं. "कासव तर आपल्या फुटाळा तलावातही असेल," भाऊ म्हणाले आणि फोन ठेवला. रात्री मुलीनं कासवाचे चौदा फोटो पाठवले.

दिवस चौथा, शनिवार

लग्नाचा वाढदिवस. मला बोलावणं होतं. यॉटच्या मागच्या डेकवर केळीच्या पानाऐवजी नारळाच्या झावळीची चटई, त्यावर तांदळाची लहान रास, रासेवर सुपारी. आजींनी मला डोळा मारला. आजोबा-आजींनी एकमेकांना पुन्हा हार घातले, हार कागदाचे, आत्यांनी रात्रभर बसून केलेले. सोनेगावहून आणलेला नारळ आजोबांनी फोडला आणि स्वयंपाक्यानं तो लगेच चटणीला नेला. मी दोन तास होते, अवघडून, कारण मला खरं तर सोमवारच्या विमानाची चिंता होती.

दिवस पाचवा, रविवार

दिवसभर फोन. आमच्या हॉकरला मालेत पाच दिवस उभं राहायची परवानगी मिळाली नव्हती. आम्हाला सोडून ते त्रिवेंद्रमला जाऊन थांबलं होतं. येणं-जाणं पुन्हा रिकामं, पुन्हा बिलात. सोमवारी सकाळी ते साडेनऊला मालेत हवं, म्हणजे त्यांच्या वैमानिकांनी आज रात्री वेळेत झोपायला हवं. ड्युटीचे तास मोजलेले असतात. या वेळी मी ऑपरेटरला तीनदा फोन केला, आणि तिन्ही वेळा वेगवेगळ्या माणसाला, म्हणजे कुणीतरी खरं सांगेल.

सी-प्लेनची नेमकी वेळ आदल्या संध्याकाळीच कळते. त्यासाठी यॉट उद्या पहाटे कुठे असेल ते अक्षांश-रेखांशांत द्यावं लागतं, आणि यॉट तर दिवसभर फिरणारी. कॅप्टननं साडेचारला आकडे पाठवले, सहाला बदलले. वारा फिरला होता, त्याला खडकाच्या आडोशाची जागा हवी होती. मी नवे आकडे पाठवून समोरच्याकडून एकेक अंक परत वाचून घेतला. मिनिटांतला एक अंक चुकला तरी विमान दोन किलोमीटर पलीकडच्या पाण्यावर घिरट्या घालत बसतं. युरोपातलं काम या बाबतीत सोपं. नीसच्या विमानतळावर उतरा, हेलिकॉप्टरनं सात मिनिटांत मोनॅको, बंदरात बोट धक्क्याला बांधलेली. मोनॅकोला स्वतःचा विमानतळ नाही, पण धक्का जागचा हलत तरी नाही.

रात्री सव्वाआठला वेळ आली: सकाळी सात दहा.

दिवस सहावा, सोमवार

सात पाचला विमानाचा आवाज आला. आज पाण्यावर बारीक लाट होती, एकाच फेरीत उतरलं. तोच अनवाणी पोरगा. आजोबांनी त्याला नावानं हाक मारली, कधी विचारून ठेवलं होतं कुणास ठाऊक. एपीएतून उरलेले पैसे कॅप्टननं पावतीसह भाऊंच्या हातात मोजून दिले. भाऊंनी त्यातले बरेच खलाशांना वाटले, वहिनींनी टोपलीतून सँडल काढल्या, आणि आम्ही निघालो. मालेत कस्टमकडून बाटली परत मिळाली. साडेनऊला हॉकर उभं. मी शिडीवर चढेपर्यंत कुणालाच नजर दिली नाही, दृष्ट लागेल म्हणून.

नागपूरला पावणेदोन. दार उघडलं आणि ते ऊन पायऱ्यांवरच आमची वाट बघत होतं. इमिग्रेशनचे तेच अधिकारी. त्यांनी आजोबांना विचारलं, कसं होतं? "रात्री उडत नाही," आजोबा म्हणाले.

हँडलिंगच्या खोलीतून चार टणक बॅगा बाहेर आल्या. सहा दिवसांत त्यातली एकही वस्तू कुणाला आठवली नव्हती, बर्फी सोडून. वहिनींनी तिथंच निळी बॅग उघडली. कपडे जागेवर. बर्फीचा खोका जागेवर, पण बाहेरून दोरीनं बांधलेला आणि हलका.

"मॅडम, कुलूप नव्हतं," दोघांतला लहान पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "अन् मुंग्या लागून राहिल्या होत्या. आम्ही म्हटलं फुकट जाईल."

वहिनींनी दोरी सोडली. आत चार तुकडे उरले होते, कागदात नीट गुंडाळून, आणि वर एक चिठ्ठी: कॅप्टनसाठी.